कौतुकाची बेडी



दारूच्या वा जुगाराच्या नादी लागलेल्या माणसाला अडवणारे पुष्कळ असतात. घरचे रडतात, शेजारी बोल लावतात, मशिदीत इमाम समजूत घालतात. परंतु काही व्यसने अशी आहेत की त्यांत सापडलेल्याला कोणी अडवत नाही, उलट त्याचे कौतुक होते. पुरेसे मिळत असूनही जो रात्री अकरापर्यंत गल्ल्यावरून उठत नाही, त्याला आपण कष्टाळू म्हणतो. एकच कागद दहा वेळा तपासूनही ज्याला झोप लागत नाही, त्याला काटेकोर म्हणतो. मुलगी ९४ टक्के गुण घेऊन येते, तेव्हा उरलेले सहा कुठे गेले, असे विचारणाऱ्या बापाला आपण जागरूक पालक समजतो. ज्या दोषाची निंदा होते, त्यातून समाजाच्या धाकाने का होईना, माणूस सुटू शकतो. ज्या दोषाची वाहवा होते, त्यातून त्याला कोणी सोडवावे?

येथे एक गैरसमज प्रथम दूर करू. इस्लामने श्रमाला कमी लेखलेले नाही. प्रेषित दाऊद (अलै.) आपल्या हातच्या कमाईवर जगत, असे आदरणीय प्रेषितांनी (सल्ल.) गौरवाने सांगितले आहे. भिवंडीत यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा कामगार किंवा आखाती देशात दोन पाळ्या करून कोकणातल्या घरी पैसे पाठवणारा मुलगा कोणत्याही व्यसनात सापडलेला नाही. तो जबाबदारी पार पाडत आहे. त्याला विश्रांतीचा उपदेश करण्यापेक्षा त्याचा भार हलका करणे हे आपले कर्तव्य आहे. प्रश्न त्याचा आहे, ज्याची गरज भागली आहे आणि तरीही ज्याला थांबता येत नाही.

इतिहासात याचे एक लख्ख उदाहरण आहे. इमाम गझाली (रह.) १०९१ मध्ये बगदादच्या निजामिया मदरशाचे मुख्य अध्यापक झाले. वय अवघे तिशीच्या पुढचे, शिष्य शेकड्यांनी आणि कीर्ती दरबारापर्यंत पोहोचलेली. दीनी ज्ञान शिकवण्याहून पवित्र काम कोणते? परंतु त्यांनी आपल्या अंतःकरणाची झडती घेतली, तेव्हा या कामाच्या मुळाशी अल्लाहची प्रसन्नता नसून मानमरातबाची ओढ असल्याचे त्यांना दिसले. ही हकीकत त्यांनी स्वतःच आत्मवृत्तात लिहून ठेवली आहे. सुमारे सहा महिने ते आज सोडू, उद्या सोडू असे करत राहिले. शेवटी १०९५ मध्ये त्यांची वाचाच बसली. वर्गात शब्द फुटेना, अन्न गिळवेना. वैद्यांनी हात टेकले, कारण दुखणे मनाचे होते. तेव्हा कुटुंबाच्या निर्वाहाची सोय करून त्यांनी बगदाद सोडले. एवढे वैभव का टाकले, हे लोकांना कळेना.

पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. साधारण अकरा वर्षांनी, ११०६ मध्ये, ते नैशापूरला पुन्हा शिकवू लागले. पूर्वी आपण प्रतिष्ठा मिळवून देणारे ज्ञान शिकवत होतो आणि आता प्रतिष्ठेचा मोह सोडायला लावणारे ज्ञान शिकवतो, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. काम तेच होते, नियत पालटली होती. म्हणजे उपाय काम टाकून देण्यात नाही. हे मी कोणासाठी करतो आहे, हा प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारण्यात आहे.

‘माझे काम तर नेकीचेच आहे’ असे म्हणणाऱ्याने हजरत अबू दर्दा (रजि.) यांचा प्रसंग आठवावा. ते दिवसा रोजा ठेवत आणि रात्रभर नमाज पढत. प्रेषितांनी (सल्ल.) ज्यांना त्यांचे बंधू ठरवून दिले होते, ते हजरत सलमान (रजि.) भेटीस आले. त्यांची नजर प्रथम गृहिणीच्या साध्या, उपेक्षित वेषाकडे गेली. त्यांनी कारण विचारले, तेव्हा आपल्या पतीला या जगातले काही नकोच असते, असे उत्तर मिळाले. सलमान यांनी त्यांना नफल रोजा सोडून सोबत जेवायला बसवले, रात्री आग्रहाने झोपवले आणि रात्रीच्या अखेरच्या प्रहरी उठवून दोघांनी मिळून नमाज अदा केली. तुमच्यावर तुमच्या पालनकर्त्याचा हक्क आहे, तसाच तुमच्या देहाचा आणि कुटुंबाचाही आहे, हे त्यांनी बजावले. प्रेषितांनी (सल्ल.) सलमान यांचे म्हणणे खरे ठरवले. अबू दर्दा यांच्या इबादतीत खोट नव्हती. परंतु एकाचा हक्क देताना दुसऱ्याचा बुडत होता आणि त्याची खूण घरातल्या माणसाच्या अंगावर आधी उमटली होती. आपणही आपल्या कामाची पावती बाजारात मागू नये, घरात पाहावी.

आता निर्दोषपणाच्या हट्टाकडे वळू. प्रत्येक काम नीट, सुंदर करावे ही दीनची शिकवणच आहे. तिला एहसान म्हणतात. एहसान म्हणजे आपण अल्लाहला पाहत आहोत अशा भावनेने त्याची इबादत करणे. आपण त्याला पाहत नसलो, तरी तो आपल्याला पाहतोच. हट्टी माणसाची नजर मात्र लोकांवर असते. चूक झाली तर लोक काय म्हणतील, या भयाने तो कामाला चिकटून राहतो किंवा कामाला हातच घालत नाही.

या रोगावरचे औषध नमाजमध्येच आहे. रकअत विसरली, तर शरीअत सगळी नमाज मोडायला सांगत नाही. राहिलेले पुरे करून सहवचे दोन सजदे करायला सांगते. स्वतः प्रेषितांनी (सल्ल.) एकदा चार रकअतींच्या नमाजमध्ये दोनवरच सलाम फेरला. ध्यानात आणून दिल्यावर त्यांनी उरलेल्या रकअती पुऱ्या केल्या आणि दोन सजदे केले. आपणही माणूसच आहोत, तुमच्यासारखेच विसरतो, हे त्यांनी दुसऱ्या अशाच प्रसंगी सांगितले. नमाज संपल्यावर ते तीन वेळा इस्तिगफार करत. सर्वांत उत्तम इबादतीनंतरही उणिवेची क्षमा मागायची आणि उठायचे. जे उणे राहिले ते अल्लाहच्या रहमतीवर सोपवायचे. पूर्णत्व त्याचे आहे, बंद्याचे नव्हे.

थांबायला शिकवणारी दुसरी गोष्ट म्हणजे अजान. सूरह जुमुआच्या (६२) ९ ते ११ या आयतींमध्ये जुमुआची हाक येताच व्यापार सोडण्याची आज्ञा आहे आणि नमाजनंतर पुन्हा जमिनीवर पसरून अल्लाहची कृपा शोधण्याची मुभा आहे. काम संपल्यावर या, असे तेथे म्हटलेले नाही. हाक येते तेव्हा गिऱ्हाईक समोर असते, हिशेब अर्धा असतो. दिवसातून पाच वेळा काम अपुरे ठेवून उठण्याचा हा सराव आहे. आपल्यावाचून जग अडत नाही, हे तो आपल्या अंगी बाणवतो.

म्हणून अजान ऐकू आल्यावर स्वतःकडे पाहा. हातातले सहज सुटते, की ‘एवढे एकच आटोपतो’ असे मन म्हणते? त्या एका क्षणात बेडी आहे की नाही ते कळते. आणि घरच्यांनो, आपल्या माणसाची कमाई मोजताना त्याचा थकवाही पाहा. त्याच्यासाठी सलमान व्हा. ताट वाढून समोर बसा आणि तो जेवल्यावाचून आपण जेवणार नाही, असे प्रेमाने सांगा. मुलाने आणलेल्या गुणांवर आधी अल्हम्दुलिल्लाह म्हणा.

अल्लाह आपल्या श्रमात बरकत देवो, आपली नियत शुद्ध करो आणि त्याची हाक येताच हातातले खाली ठेवण्याचे सामर्थ्य आपणा सर्वांना देवो. आमीन.