घाण्यामागे पळीभर तेल

खानदेशात एका दिवसाची सहल म्हटली की बहुतेकांचा बेत ठरलेला असतो. जळगावला उतरायचं, गाडी ठरवायची, साठेक किलोमीटरवरचा अजिंठा गाठायचा, अंधार पडायच्या आत परतायचं आणि रात्री झणझणीत शेवभाजी. मधला मुलूख काचेआडून मागे पळत राहतो : कपाशी, केळीच्या बागा, एखाद्या गढीचा ढासळलेला बुरूज. अजिंठा पाहू नये असं कोण म्हणेल? पण मधली गावं म्हणजे नुसता रस्ता, हे जे आपण धरून चालतो ते काही खरं नाही. या मुलखात गावांनी विद्या आणि कला पोसली आहे. ती कशी पोसली, एवढं जरी दिवसभरात कळलं तरी गाडीभाडं वसूल झालं म्हणायचं.

चाळीसगावच्या दक्षिणेला, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी पाटण आहे. लोक तिथे पाटणादेवीच्या दर्शनाला जातात, पावसाळ्यात धबधब्यांसाठी जातात. याच पाटणला शके ११२८ चा, म्हणजे इसवी सनाच्या तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख सापडला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचं अध्ययन चालू राहावं म्हणून त्यानं इथे मठ स्थापन केला आणि त्या मठाला निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं दान दिलं. लेखाचा बराचसा भाग संस्कृत आहे. शेवटी मात्र तो जुन्या मराठीत उतरतो, कारण तिथे वसुलीचा विषय येतो. मठासाठी कोणी काय द्यायचं ते त्यात सांगितलं आहे, आणि त्यातलं एक कलम असं, की गावात जितके तेलघाणे चालतील, तितक्यांनी घाण्यामागे एकेक पळी तेल द्यावं.

त्या तेल्याला भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तलं अक्षरही कळत नसेल. राजानं हुकूम सोडला म्हणून त्यानं तेल दिलं असेल, कदाचित कुरकुरत दिलं असेल. पण मठातला दिवा त्या पळीवर जळत होता. आपण शिलालेखापुढे हात जोडतो ते भास्कराचार्यांच्या नावाला. तेल्याचं नाव लेखात नाही, त्याचा घाणा मात्र आहे.

विसाव्या शतकात गावाचं आणि विद्या-कलेचं हेच नातं फैजपूरला उलट्या बाजूनं दिसलं. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदा खेड्यात भरलं, ते यावल तालुक्यातल्या फैजपूरला. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. शांतिनिकेतनातून नंदलाल बोस सजावटीसाठी आले. गांधीजींचा आग्रह होता की गावात मिळेल त्याच सामानातून सारं उभं राहावं. मग बांबू आले, बैलगाड्या आल्या, आसपासच्या शेतकऱ्यांचे हात आले आणि देशातल्या एका मोठ्या चित्रकारानं त्यातून नगर उभं केलं. अधिवेशन संपलं, नगर मोडलं. आज फैजपूरला त्यातलं पाहण्यासारखं काही शोधायला गेलात तर निराश व्हाल. कलाकृती टिकलीच पाहिजे, हा हट्ट शहरी संग्रहालयांचा. गावाला मांडव घालायचा आणि काम झालं की उतरवायचा, याची सवय असते.

याच्या शेजारी रॉबर्ट गिलची गोष्ट ठेवून पाहावी. ईस्ट इंडिया कंपनीनं १८४४ मध्ये त्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करायला पाठवलं. वर्षानुवर्षं त्यानं इथे काम केलं. पोसणारी कंपनी, म्हणून चित्रं गेली लंडनला, आणि १८६६ च्या डिसेंबरात क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यातली बहुतेक जळाली. त्याला साथ देणाऱ्या पारोची कबर अजिंठा गावात आहे, त्याची स्वतःची भुसावळला. ज्या मुलखानं त्याला ठेवून घेतलं, त्याच्या वाट्याला दोन कबरी तेवढ्या आल्या.

पण गाव पोसतं म्हणताना गहिवरून जाण्याचंही कारण नाही. आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी जळगावच्या घरात जात्यावर बसून ओव्या रचत होत्या, तेव्हा त्यांना कोणी मठ बांधून दिला नव्हता. अक्षरओळख नाही, तरुणपणी वैधव्य, शेताची आणि घराची कामं. मुलगा सोपानदेव यांनी आणि त्यांच्या मावसभावानं ती गाणी टिपून ठेवली नसती, तर १९५१ मध्ये बहिणाबाईंबरोबर तीही गेली असती. पुस्तक निघालं ते त्यांच्या पश्चात, १९५२ मध्ये. इथे पोशिंदी तीच आणि कवयित्रीही तीच. जळगावच्या चौधरी वाड्यात त्यांच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. त्या पाहताना ‘निसर्गकन्या’ वगैरे गोड शब्द जरा दूर ठेवावेत आणि जात्याची वरची तळी हातानं ओढली तर किती जड लागेल, याचा अंदाज घ्यावा.

मग केकी मूस? मुंबईत जन्मलेला, इंग्लंडमध्ये छायाचित्रण शिकलेला हा पारशी कलावंत चाळीसगावला स्टेशनाजवळच्या दगडी बंगल्यात राहिला आणि १९८९ मध्ये निधन होईपर्यंत त्यानं क्वचितच उंबरठा ओलांडला. टेबलावर लहानसहान वस्तू मांडून, त्यांवर प्रकाश खेळवून तो देखावे उभे करी आणि त्यांची छायाचित्रं काढी. त्याला गावानं पोसलं असं म्हणता येत नाही. पण त्याच्यामागे तो बंगला कलादालन म्हणून उघडा राहिला, हेही पोसणंच. धुळ्यानं हेच केलं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला तिथे वारले. उभ्या आयुष्यात गावोगावच्या दप्तरांतून त्यांनी जमवलेले कागद रद्दीत जाऊ नयेत, म्हणून धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं.

अशा ठिकाणी एका दिवसाचा पाहुणा काय देतो? पर्यटन वाढलं की गावाचं भलं होतं, हे वाक्य आपल्याला पाठ आहे. पण घरून बांधून नेलेला डबा खाऊन, चार फोटो काढून आणि पाण्याच्या बाटल्या मागे टाकून आलेल्या गाडीनं पाटणचं काय भलं होणार? गाडी हाताशी असण्याचा फायदा सहा ठिकाणं उरकण्यात नाही, हवं तिथे दोन तास थांबता येण्यात आहे. दोनच ठिकाणं धरावीत. कळण्याची भाकरी आणि ठेचा गावातल्या घरगुती खानावळीत पैसे मोजून खावा, माहिती सांगणाऱ्याला त्याच्या वेळेचं मोल द्यावं, कलादालनाच्या देणगीपेटीत तिकिटापेक्षा थोडं जास्त टाकावं. यात दानधर्म नाही. विद्येचा खर्च कोणी उचलायचा, हे पाटणच्या लेखानं आठशे वर्षांपूर्वी दगडात कोरून ठेवलं. तेव्हा तो तेल्यावर पडला. आज ती विद्या पाहायला जो येतो, त्यानंही आपला वाटा उचलावा.