माळ की गोळी?



मागच्या महिन्यात इंदूरच्या आपल्या एका काकांना मध्यरात्री दवाखान्यात न्यावं लागलं. बीपीचा वरचा आकडा २०० च्या पुढे गेला होता. आता बरे आहेत. काकूंकडून नंतर कळलं की काकांनी गोळी तीन महिन्यांपूर्वीच बंद केली होती. "दोन वेळा ध्यानाला बसतो, नाम घेतो. मग गोळी घेणं म्हणजे नामावर संशयच ना?" असं ते म्हणायचे.

दोष आमचाही आहे. सत्संगात त्यांनी हे सांगितलं तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. "काका, डॉक्टरांना विचारलंत का?" असं एकानेही म्हटलं नाही.

नामाने, ध्यानाने बीपीला फायदा होतो, हे खोटं नाही. मन तापलं की श्वास भराभर चालतो, रक्तवाहिन्या आवळतात, दाब चढतो. श्वास संथ झाला की उलटं घडतं. हर्बर्ट बेन्सन या अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांनी १९७५ साली यावर पुस्तकच लिहिलं : एक शब्द मनात धरा, मन भरकटलं तर रागावू नका, हळूच परत आणा. २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांना दिसलं की ख्रिस्ती जपमाळ म्हणा किंवा बौद्ध मंत्र, श्वास मिनिटाला साधारण सहावर येतो. (गोव्याच्या मंडळींना शेजारच्या घरातलं संध्याकाळचं तेर्स आठवेल!)

पण याने दाब उतरतो तो थोडा. वयाने रक्तवाहिन्या कडक झाल्या असतील तर तेवढ्याने भागत नाही. शिवाय काही गोळ्या एकदम सोडल्या तर दाब उसळून वर येतो.

मग गोळी घेतली म्हणजे श्रद्धा कमी पडली का? पोथी वाचायला आपण चष्मा लावतो, तेव्हा असं कुणी विचारत नाही. आम्हाला वाटतं, काकांची चूक वेगळीच होती. ते भक्ती मशीनवर मोजायला लागले होते. आकडा खाली, भक्ती पक्की. आकडा वर, भक्ती कच्ची. नामाला असं परीक्षेला बसवायचं कशाला? बरं वाटावं म्हणून जप केला तर त्यात कमीपणा नाही, पण आकडा उतरला नाही म्हणून स्वतःला अपराधी समजणं हा आपणच आपल्यावर केलेला अन्याय.

आणि त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर कोण बसलं होतं? काकू. श्रद्धा काकांची, जागरण त्यांचं. आपल्या निष्ठेची जोखीम घरच्यांना न विचारता त्यांच्यावर टाकायचा अधिकार आपल्याला आहे का, यावर आमच्या ग्रुपमध्ये दोन दिवस वाद झाला. आमच्या मते नाही.

ज्येष्ठांनी खुशाल खुर्चीत बसून जप करावा. श्वास कोंडू नये. घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यावा. उठताना घाई नको, चक्कर येते. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं पाय जमिनीला टेकवून गप्प बसावं. गोळी कमी करायची तर डॉक्टरांना विचारूनच.

काकूंनी आता गोळ्यांचं पाकीट देवघरात माळेशेजारी ठेवलंय. काका अजून थोडे नाराज आहेत. आज सकाळी मात्र घेतली, असा काकूंचा मेसेज आला.