आपलें कोठार दुसऱ्यास दाखवावें काय?

मंडळीच्या दानपेटींतील पैसा दोन पंचांपुढें मोजावा, हा नियम एखाद्या वृद्ध उपदेशकास झोंबतो. "इतकीं वर्षें सेवा केली, तरी माझ्यावर भरंवसा नाहीं काय?" असें तो विचारतो. हाच प्रश्न राष्ट्रेंही एकमेकांस विचारीत आलीं आहेत. त्यांच्या कोठारांत मात्र पैसा नव्हता, विष होतें.

सन १९१५ च्या एप्रिल महिन्याच्या २२ व्या तारखेस बेल्जम देशांत ईप्र गांवाजवळ जर्मन सैन्यानें क्लोरीन वायु वाऱ्यावर सोडला. विहिरींत टाकावयाच्या ब्लीचिंग पावडरीस ज्याचा उग्र दर्प येतो, तोच हा वायु. (वस्तूंत पाप नाहीं, तें कोठें वसतें हें वाचकांस सांगावयास नको.) पुढें १९२५ सालीं जिनीव्हा येथें राष्ट्रांनीं वचन दिलें कीं, युद्धांत विषारी वायु वापरणार नाहीं. परंतु तो करण्यास व सांठविण्यास मनाई नव्हती, आणि कोणीं कोणाचें कोठार पाहावें अशी तजवीजही नव्हती. इटलीनें हें वचन दिलें होतें, तरी १९३५-३६ सालीं इथिओपियाच्या लोकांवर तिनें विमानांतून मस्टर्ड वायु टाकला. इराकनेंही दिलें होतें. १९८८ च्या मार्चांत हलब्जा येथें त्याच्या सैन्यानें आपल्याच कुर्द प्रजेवर विष टाकलें व हजारों जीव गेले.

म्हणून १९९३ सालीं दुसरा करार झाला व १९९७ सालीं तो अमलांत आला. असें शस्त्र करूं नये, ठेवूं नये. असेल तें सांगून नष्ट करावें. आणि परक्या तपासनिसांस आंत येऊं द्यावें.

येथें आपल्याच देशाची गोष्ट सांगणें प्राप्त आहे. १९९२ सालीं भारत व पाकिस्तान ह्यांनीं मिळून जाहीर केलें होतें कीं, आम्हांपाशीं अशीं शस्त्रें नाहींत. १९९७ सालीं भारतानें कबूल केलें कीं आहेत. १,००० टनांहून अधिक मस्टर्ड निघालें. तें सर्व २००९ सालापर्यंत तपासनिसांच्या देखरेखीखालीं नष्ट झालें. कोणी म्हणेल, करारानें भाग पाडलेली कबुली ती कसली कबुली? मला हें पटत नाहीं. जक्कयानेंही प्रभु घरीं आल्यावरच हिशेब काढला, आणि त्याबद्दल त्यास कोणी बोल लावीत नाहीं.

हनन्या व सप्पीरा ह्यांची कबुली मात्र निराळी. सिरियानें २०१३ सालीं करारांत येऊन सुमारें १,३०० टन द्रव्यें दाखविलीं व तीं देशाबाहेर नेण्यांत आलीं. तरी २०१७ च्या एप्रिलांत खान शेखून गांवीं सारिन विषानें माणसें मेलीं, आणि संयुक्त राष्ट्रांच्या सहभागानें झालेल्या चौकशीनें दोष तेव्हांच्या सिरियन सरकारावर ठेवला. कोपऱ्यांत कांहीं राखून ठेवलें होतें हें तपासणीवांचून कळलें नसतें.

मग प्रामाणिकानें तरी झडती कां सोसावी? यरुशलेमेच्या गरिबांसाठीं जमविलेला पैसा पौलानें एकट्याच्या हातीं ठेवला नाहीं. कोणी दोष देऊं नये म्हणून त्यानें तीताबरोबर दुसरे बंधु पाठविले. पौलास ह्यांत अपमान वाटला नाहीं.

२०२३ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेनें केंटकी प्रांतांतील अखेरचीं शस्त्रें नष्ट केलीं, आणि राष्ट्रांनीं जाहीर केलेला सर्व सांठा संपला. तपासनीस अद्याप फिरत आहेत. ते आतां साधे चालू कारखाने पाहतात. कारण मस्टर्ड ज्यापासून होतें, त्याच एका द्रव्याचा शाई करण्याकडेही उपयोग होतो.