पदवीची साक्ष

गतवर्षी पावसाळ्याच्या आरंभी आमच्या परिचयाचे एक गृहस्थ सायंकाळच्या वेळी आमच्याकडे आले. सातपूरच्या एका कारखान्यात ते पंधरा वर्षांपासून सुपरवायझर आहेत. वय बेचाळीस, घरी वृद्ध माता, पत्नी व दोन शाळकरी मुले. वडिलांच्या अकाली मृत्यूमुळे बारावीनंतर त्यांचे शिक्षण सुटले, ते सुटलेच. आता वरची जागा रिकामी होणार होती व तिला पदवी आवश्यक होती. नोकरी सांभाळून घरबसल्या पदवी देऊ करणाऱ्या चार संस्थांची माहितीपत्रके त्यांनी आमच्यापुढे ठेवली आणि विचारले, "सर, यांतली चांगली कोणती?" नंतर क्षणभर थांबून, किंचित खालच्या आवाजात, "आणि सोपी कोणती?"

पहिला प्रश्न व्यवहाराचा व दुसरा नीतीचा, असे प्रथमदर्शनी कोणासही वाटेल. परंतु पुढे विचार करता हे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत, असे आमचे मत झाले. ते का झाले, हे सांगण्याचा येथे उद्देश आहे.

प्रथमतः या गृहस्थांवर अन्याय होऊ नये. दिवसाचे नऊ-दहा तास कारखान्यात घालवून आलेल्या मनुष्याने सोपी वाट विचारली, म्हणून त्यास आळशी ठरविणे हा आम्हां प्राध्यापकवर्गाचा नेहमीचा उद्दामपणा होईल. ज्यास ऐन तारुण्यात वडिलांच्या पैशावर चार वर्षे कॉलेजात बसावयास मिळाले, त्याने ज्यास ते मिळाले नाही त्यास कष्टाचे माहात्म्य सांगू नये. शिक्षण सुलभ असावे ही मागणी न्याय्यच आहे, व ती आजची नाही. जोतीराव फुले यांनी १८५५ साली पुण्यात श्रमिकांकरिता रात्रीची शाळा काढली, ती याच न्यायाने. लंडन विद्यापीठाने १८५८ पासून कोठेही अभ्यास केलेल्या उमेदवारास परीक्षेची दारे खुली केली. आमच्या नाशकापुरते बोलावयाचे तर १९८९ साली डॉ. राम ताकवले यांच्या कुलगुरुत्वाखाली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ येथे सुरू झाले. गंगापूर धरणाच्या वाटेवरील हे विद्यापीठ 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेऊन निघाले. गावोगावच्या महाविद्यालयांतून अभ्यासकेंद्रे उघडून, शिकविणाऱ्याकडे येऊ न शकणाऱ्या गृहिणी, शेतकरी व कामगार यांच्यापर्यंत ग्रंथ व परीक्षा नेऊन पोहोचविणे, हा त्यामागील विचार होता.

तेव्हा वाद सुलभतेविषयी नाही. मात्र सुलभ आणि सोपे हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, तेथे घोटाळा होतो. प्रवेशाचे दार रुंद असावे, वेळेचे बंधन सैल असावे, शुल्क बेताचे असावे, ही सुलभता. दारातून आत गेलेल्या मनुष्यास बाहेर पडताना काय येते, हे कोणीही न पाहणे, हा सोपेपणा. पहिली ही विद्येची सेवा आहे. दुसरा हा विद्येचा व्यापार.

पदवी म्हणजे तरी काय? आमच्या समजुतीप्रमाणे पदवी ही एक साक्ष आहे. "या मनुष्यास अमुक विषयाचे ज्ञान आहे, ते आम्ही पाहिले आहे," असे एका संस्थेने समाजास दिलेले ते वचन होय. आता साक्षीदारास दोन गोष्टी लागतात. एक, साक्ष देण्याचा अधिकार. आणि दुसरी, जे सांगावयाचे ते त्याने स्वतः पाहिलेले असणे. पहिलीस व्यवहारात मान्यता म्हणतात. दुसरीस आम्ही योग्यता म्हणू.

मान्यता व योग्यता सदैव एकत्रच असतात असे नाही. अण्णासाहेब कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले. त्यास वैधानिक विद्यापीठाचा दर्जा मिळावयास १९५१ साल उजाडले. म्हणजे पस्तीस वर्षे त्या विद्यापीठाची योग्यता कायद्याच्या आधाराविना उभी होती. परंतु कर्व्यांच्या संस्थेस सरकारी मान्यता नाही ही गोष्ट उघड होती. जी मुलगी तेथे जाई, ती जाणून जाई. आज मान्यतेवाचून पदव्या विकणारे मात्र ती उणीव रंगीत माहितीपत्रकाखाली झाकतात. अण्णासाहेबांचे नाव घेऊन त्यांचा बचाव करता येणार नाही.

मान्यतेच्या अभावी काय होते, याचे उदाहरण फार जुने नाही. काही अभिमत विद्यापीठांनी रीतसर परवानगीवाचून दूरशिक्षणाने अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांविषयी निर्णय दिला. २००१ ते २००५ या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या नवी परीक्षा देईपर्यंत स्थगित झाल्या. त्यापुढील सत्रांतील पदव्या रद्द झाल्या. शुल्क परत करावे, असेही न्यायालयाने सांगितले. पण शुल्क परत मिळाले म्हणून आयुष्यातील तीन-चार वर्षे परत मिळतात काय? अपराध संस्थांचा व शिक्षा विद्यार्थ्यांस, असा हा प्रकार झाला.

म्हणून मान्यता तपासणे हे प्रौढ विद्यार्थ्याचे पहिले कर्तव्य होय, व ते फारसे कठीण नाही. १९५६ च्या कायद्याप्रमाणे पदवी देण्याचा अधिकार केंद्राच्या वा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठास, अभिमत विद्यापीठास, अथवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेसच आहे. दूरशिक्षणाची व ऑनलाइन अभ्यासक्रमांची मान्यता विद्यापीठ अनुदान आयोग सत्रवार व अभ्यासक्रमवार प्रसिद्ध करतो. तेव्हा विद्यापीठाचे नाव ओळखीचे आहे एवढ्यावर न थांबता, आपला अभ्यासक्रम आपल्या वर्षी त्या यादीत आहे की नाही, हे पाहावे. वैद्यक, अभियांत्रिकी, शुश्रूषा यांसारख्या हाताने शिकावयाच्या विद्यांची पदवी कोणी घरपोच देऊ लागला, तर तेथूनच परत फिरावे. उलटपक्षी, रीतसर मान्यता असलेली ऑनलाइन पदवी ही कॉलेजात जाऊन मिळविलेल्या पदवीच्या बरोबरीची आहे, असे आयोगाच्या २०२० च्या नियमांत म्हटले आहे. तिच्याविषयी कमीपणा मानण्याचे कारण नाही.

योग्यतेची परीक्षा याहून कठीण. कारण तिची यादी कोणी प्रसिद्ध करीत नाही. यासाठी आम्ही त्या गृहस्थांस एकच प्रश्न सुचविला. "प्रत्येक संस्थेस फोन करा व विचारा, तुमच्याकडे किती विद्यार्थी नापास होतात?" दोन दिवसांनी ते हसत आले. एका ठिकाणाहून उत्तर मिळाले होते, "साहेब, काळजीच करू नका, आमच्याकडे कोणी नापास होत नाही." ते माहितीपत्रक त्यांनी आपण होऊनच बाजूस ठेवले. जी संस्था नापास करू शकत नाही तिला पासही करता येत नाही. कारण तिने काही पाहिलेलेच नसते. ज्या साक्षीदाराचे उत्तर पैसे देताच ठरते, त्याच्या साक्षीस कोण विचारतो? येथेच पहिला प्रश्न व दुसरा प्रश्न एक होतात. जी सर्वथा सोपी, ती चांगली असू शकत नाही.

यावर एक आक्षेप येईल, व तो पोकळ नाही. "मला काम येते. पंधरा वर्षे मी तेच करीत आलो आहे. वरच्यांना केवळ कागद हवा आहे. मग तो कागद कसाही मिळविला तर बिघडले कोठे?" ज्या कामास पदवीची गरज नाही तेथे पदवी मागणारे मालक या पापाचे वाटेकरी आहेत, हे आम्हांस मान्य आहे. तथापि, अनुभव आहे म्हणून अनुभवाची साक्ष मागावी. न केलेल्या अभ्यासाची साक्ष मागू नये. आमच्या नाशिकरोडला नोटा छापल्या जातात, म्हणून हा दृष्टांत सुचतो. खोटी नोट नकळत हाती आलेला मनुष्य दयेस पात्र आहे. पण ती खोटी आहे हे जाणून जो पुढे चालवितो, तो फसविला गेलेला नसून फसविणारा झालेला असतो. शिवाय त्याच जागेसाठी रात्री जागून खरा अभ्यास केलेला दुसरा एखादा असतोच. हानी प्रथम त्याची होते.

आणखी एका गोष्टीचा विचार माहितीपत्रकांत कधीच नसतो. संसारी मनुष्याची पदवी त्याच्या एकट्याच्या श्रमाने होत नाही. तिच्यात पत्नीने एकटीने उरकलेली कामे असतात, मुलांच्या वाट्याचे रविवार असतात. ही घरची संपत्ती खर्चावयाची तर घरच्यांस विचारून खर्चावी. आणि ती खर्चून कवडीमोल वस्तू आणू नये. उलट, बाप टेबलाशी बसून वही घेऊन अडखळत शिकतो आहे, हे ज्या मुलांनी पाहिले, त्यांस विद्येविषयी निराळे व्याख्यान देण्याची गरज उरत नाही. पदवी विकत आणणाऱ्या बापासही मुले पाहतच असतात, हेही विसरू नये.

त्या गृहस्थांनी अखेर मान्यताप्राप्त व शुल्क झेपेल असा एक अभ्यासक्रम घेतला. वरची जागा तोवर दुसऱ्यास मिळाली. पदवी हाती येण्यास अजून दोन वर्षे आहेत. मध्यंतरी भेटले तेव्हा अर्थशास्त्राच्या पहिल्या पेपरात ते नापास झाले होते व पुन्हा बसणार होते. आम्हांस वाईट वाटले, आणि खरे सांगावयाचे तर थोडे बरेही वाटले. त्यांची साक्ष देणारा कोणी त्यांच्याकडे खरोखर पाहत होता.