विम्याचा हप्ता आणि दैवाचा भाग

राहत्या घराचा विमा उतरवणे म्हणजे ईश्वराच्या रक्षणावर अविश्वास दाखवणे आहे काय, हा प्रश्न वरवर जुनाट वाटला तरी कृष्णा आणि कोयना यांच्या संगमावर वसलेल्या कराडसारख्या गावात तो आजही मनोमन विचारला जातो. ज्या नदीला कृष्णामाई म्हणून खणानारळाने तिची ओटी भरायची, तिच्याच पाण्यापासून घर वाचवण्यासाठी एखाद्या कंपनीशी करार करायचा, यात काही श्रद्धाळूंना विसंगती दिसते. तर काहींना दरवर्षी हप्ता भरून हाती काहीच न येणे हा निव्वळ तोटा वाटतो. पहिला आक्षेप धर्माचा आणि दुसरा व्यवहाराचा दिसत असला तरी दोहोंच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, आणि तो म्हणजे उद्याच्या संकटात माणसाचा वाटा किती आणि दैवाचा किती. त्याचा निकाल लागल्याशिवाय हप्ता किती द्यावा आणि कोणत्या कंपनीवर भिस्त ठेवावी, याचेही नीट उत्तर मिळत नाही.

कराडच्या परिसराने हा प्रश्न फार कठोरपणे अनुभवला आहे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर भूकंपाने उद्ध्वस्त झाले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. तोवर दख्खनचा हा कातळ भूकंपाच्या दृष्टीने जवळजवळ निर्धोक मानला जात होता. त्या भूकंपानंतर नकाशे बदलले गेले आणि कोयनेचा पट्टा अधिक धोक्याच्या क्षेत्रात धरला जाऊ लागला. पुढे जगभरच्या भूकंपशास्त्राने कोयनेचे उदाहरण धरणाच्या जलाशयामुळे चाळवल्या गेलेल्या भूकंपाचे, म्हणजे साठलेल्या पाण्याच्या भाराने व खोलवर झिरपणाऱ्या पाण्याच्या दाबाने आधीच ताणलेले खडक सरकण्याचे, ठळक उदाहरण म्हणून अभ्यासले. पुराचेही तसेच आहे. 2005, 2019 आणि 2021 या वर्षांत कृष्णाकाठ पाण्याखाली गेला, तेव्हा पाऊस आभाळातून पडला हे खरे; परंतु सुमारे 105 टीएमसी क्षमतेच्या कोयना धरणातून विसर्ग कधी आणि किती करायचा, नदीपात्रात किती भराव घालायचा आणि पूररेषेच्या आत बांधकामाला परवानगी द्यायची की नाही, हे निर्णय माणसांचेच होते. अशा आपत्तीला सरसकट देवाची करणी म्हणणे हा देवावरही अन्याय आहे.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे कर्माचे आश्रयस्थान, कर्ता, करण म्हणजे साधने, चेष्टा म्हणजे नाना प्रकारचे प्रयत्न, आणि पाचवे दैव. या मांडणीत दैवाला नाकारलेले नाही, पण त्याला एकट्याचे राज्यही दिलेले नाही. आणि लगेच पुढे, जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची समजूत अपुरी आहे, असाही इशारा दिलेला आहे. घर आणि आपत्ती यांच्या संबंधाला ही मांडणी लावून पाहिली तर जमीन व जागा हे अधिष्ठान, घरमालक हा कर्ता, भिंती, पाया, कागदपत्रे व पैसा ही करणे, आणि पूररेषा तपासणे, पक्का पाया घेणे, विमा उतरवणे ही चेष्टा होय. चार कारणे हातात असताना पाचव्याकडे बोट दाखवून स्वस्थ बसणाऱ्याला श्रद्धाळू म्हणता येत नाही. त्याने आपल्या वाट्याचे काम दैवावर ढकललेले असते.

याला विरोध म्हणून त्याच ग्रंथाच्या नवव्या अध्यायातील योगक्षेमाचे आश्वासन पुढे केले जाते. योग म्हणजे न मिळालेल्याची प्राप्ती आणि क्षेम म्हणजे मिळालेल्याचे रक्षण, असा अर्थ शांकरभाष्यात दिला आहे, आणि अनन्य भक्ताच्या या दोन्ही गोष्टींचा भार ईश्वर उचलतो, असे तेथे म्हटले आहे. ज्ञानेश्वरांनी या ठिकाणी पंख न फुटलेल्या पिलांसाठीच जगणाऱ्या पक्षिणीचा दाखला दिला आहे. भारतीय आयुर्विमा महामंडळाने आपल्या बोधचिन्हात याच वचनाचा आधार घेतला, हे लक्षणीय आहे. मात्र त्यामुळे एक घोटाळाही झाला. ईश्वराचे आश्वासन अनन्यतेवर उभे आहे, त्यात हप्ता नाही, मुदत नाही, अपवादांचे कलम नाही. विमा कंपनीचे आश्वासन मात्र या तिन्हींवरच उभे असते. पहिल्याची परीक्षा घेणे हा भक्तीचा भंग ठरेल, तर दुसऱ्याची परीक्षा न घेणे हा गृहस्थधर्मातील हलगर्जीपणा ठरेल. एका ठिकाणची निष्ठा दुसऱ्या ठिकाणी वापरली, की मनुष्य देवाशी सौदा करू लागतो आणि कंपनीवर आंधळा विश्वास ठेवू लागतो.

कराडलगतच्या आगाशिव डोंगरात, जखिणवाडीच्या वर, ज्या भिक्षूंनी लेणी खोदली त्यांच्या परंपरेतही हाच मेळ वेगळ्या रीतीने आढळतो. सर्व संस्कार अनित्य आहेत हे बुद्धाने शिकवले, आणि अखेरच्या उपदेशात त्या अनित्यतेच्या जोडीनेच अप्रमाद, म्हणजे सावधपणे केलेला अथक प्रयत्न, सांगितला. म्हणजे सगळे नाशवंत आहे या ज्ञानाने हात गळून जाऊ नयेत, उलट जागरूकता वाढावी, असा तो उपदेश आहे. घर पडू शकते हे ज्याने मनापासून मान्य केले आहे, तोच विम्याचा कागद शांतपणे वाचू शकतो.

इस्लामी धर्मशास्त्राने घेतलेला आक्षेप याहून अधिक तांत्रिक आणि म्हणून अधिक उपयोगी आहे. अनेक फकीहांच्या, म्हणजे इस्लामी विधिज्ञांच्या, मते प्रचलित विम्यात गरर म्हणजे करारातील अनिश्चितता, मैसिर म्हणजे जुगार आणि रिबा म्हणजे व्याज हे तीन दोष येतात. म्हणून तकाफुल, म्हणजे सभासदांनी परस्परांच्या मदतीसाठी देणगीच्या भावनेने निधी उभारण्याची पद्धत, पुढे आली आणि मलेशियाने 1984 मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. जुगाराच्या आक्षेपाला विमाशास्त्राने दोन तत्त्वांनी उत्तर दिले आहे. एक, विमायोग्य हितसंबंध: ज्या वस्तूच्या नाशाने स्वतःचे नुकसान होते तिचाच विमा उतरवता येतो, शेजाऱ्याच्या घरावर पैज लावता येत नाही. दुसरे, क्षतिपूर्ती: भरपाई नुकसानाइतकीच मिळते, तीतून नफा करता येत नाही. तरीही तकाफुलच्या पुरस्कर्त्यांचे मूळ म्हणणे मोलाचे आहे, कारण हप्ता हा मुळात परस्परांच्या संकटात उचललेला वाटा आहे, हे ते विसरू देत नाहीत. ज्या माणदेश-कृष्णाकाठच्या शेतकऱ्यांनी इर्जिक पाहिले आहे, म्हणजे एकाचे रान नांगरायला गावच्या बैलजोड्या एका दिवसात लोटलेल्या पाहिल्या आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. फरक एवढाच की विम्यातील इर्जिक परस्परांना न ओळखणाऱ्यांचे असते. कोयनेचे दरवाजे उघडल्याची बातमी आल्यावर विम्यासाठी धावणारा मनुष्य हा स्वतःच्या रानापुरता इर्जिकाला येणारा असतो. हप्ता आगाऊ जमा झाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, हा 1938 च्या विमा कायद्यातील नियम म्हणूनच न्याय्य आहे. वर्ष कोरडे गेले आणि हप्ता वाया गेला असे ज्याला वाटते, त्याच्या हप्त्यातून दुसऱ्या कोणाची भिंत उभी राहिलेली असते.

येथून खर्चाचा विचार सुरू होतो. महाराष्ट्रात नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखल्या जातात. सरासरीने 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा निळी रेषा दाखवते आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. पंचवीस वर्षांतून एकदा याचा अर्थ एकदा पूर येऊन गेला की चोवीस वर्षे निश्चिंती, असा नाही. दरवर्षी ती शक्यता शेकडा चार एवढी नव्याने उभी राहते, आणि सलग 25 वर्षांत निदान एकदा तरी पाणी घरात येण्याची शक्यता सुमारे 64 टक्के भरते. समजा, अशा प्रत्येक पुरात एका घराचे एक लाखाचे नुकसान होते. तर निळ्या रेषेवरील घराचा सरासरी वार्षिक भार 4,000 रुपये आणि लाल रेषेवरील घराचा 1,000 रुपये होतो, आणि कंपनीचा खर्च व नफा त्यावर चढतो. मग आगाशिवनगरच्या चढावर राहणाऱ्याने घाटाजवळच्या पेठेत राहणाऱ्याइतकाच हप्ता का द्यावा, हा प्रश्न रास्त आहे. धोक्यानुसार दर ठेवले तर नदीकाठच्या गरिबाला विमा परवडत नाही. सर्वांना एकच दर ठेवला तर चढावरचा मनुष्य निधीतून बाहेर पडतो आणि धोक्याची घरे तेवढी उरतात. या पेचातून पूर्ण न्याय्य असा मार्ग नाही. मात्र भूकंप पूररेषा पाहत नाही, चढावरचे घर आणि काठावरचे घर त्याला सारखेच, हे लक्षात घेतले तर दोघांचा निधी एकत्र असण्यात दोघांचेही हित आहे, हे मत अधिक बळकट वाटते.

विमा नियामक व विकास प्राधिकरणाने 1 एप्रिल 2021 पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही समान कलमांची पॉलिसी देणे बंधनकारक केले, त्यामुळे तुलना करणे पुष्कळ सोपे झाले आहे. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दरड आणि दंगल हे धोके तीत येतात. विमा रक्कम जागेच्या बाजारभावावर ठरत नाही, ती घर पुन्हा बांधण्याच्या खर्चावर, म्हणजे चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर, अशी ठरते. 1,000 चौरस फुटांचे घर 2,000 रुपये दराने 20 लाखांचे धरले जाते, आणि घरातील सामानासाठी त्याच्या 20 टक्के, म्हणजे 4 लाख, आपोआप धरले जातात. ही सामानाची मर्यादा 10 लाखांपर्यंतच आहे. हजारी दर 50 पैसे आहे असे समजले तर इमारतीचा वार्षिक हप्ता 1,000 रुपये होतो. ही रक्कम कित्येक घरांत दिवाळीच्या फराळाहून कमी असते. जुन्या पद्धतीत 20 लाखांच्या घराचा 10 लाखांचाच विमा असेल तर 4 लाखांच्या नुकसानीला 2 लाखच मिळत. या अल्पविम्याची कपात नव्या पॉलिसीत सोडून दिलेली आहे. उलट, साधी घरफोडी तीत येत नाही. आपत्तीनंतर सात दिवसांत झालेली चोरीच तेवढी येते. दागिन्यांसाठी वेगळे संरक्षण मागून घ्यावे लागते. ज्यांनी गृहकर्ज घेतले आहे त्यांचा विमा बँकेच्या सोयीने काढला जातो आणि कर्ज फिटताच तो सहसा विसरला जातो, ही मोठी चूक आहे.

उरतो प्रश्न कंपनीच्या विश्वासार्हतेचा, आणि सातारा जिल्ह्याला त्याचाही जुना इतिहास आहे. 1913 मध्ये अण्णासाहेब चिरमुले यांनी साताऱ्यात वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुअरन्स कंपनी उभी केली, तेव्हा हप्ता भरणाऱ्यांना कंपनी चालवणारी माणसे प्रत्यक्ष ठाऊक होती. देशभर मात्र अशी सचोटी सार्वत्रिक नव्हती; हप्त्यांच्या पैशाचा गैरवापर झाला, कंपन्या बुडाल्या, आणि चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना 1956 मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, तर सर्वसाधारण विम्याचे 1973 मध्ये. चांगल्या माणसांची ओळख हा विश्वासाचा आधार पुरेसा नाही, हा धडा त्यातून मिळाला. आज तो आधार मोजता येणाऱ्या गोष्टींवर ठेवावा लागतो. कंपनीचे सॉल्व्हन्सी प्रमाण, म्हणजे देणी भागवूनही हाती राहणाऱ्या भांडवलाचे नियमाने ठरलेल्या गरजेशी प्रमाण, किमान दीडपट असावे लागते. ते काठावर आहे की भक्कम, हे तिच्या जाहीर खुलाशात पाहता येते. किती दावे मंजूर झाले, किती नाकारले, किती काळ लोंबकळले, हे नियामकाच्या वार्षिक अहवालातून कळते. महापुराच्या वर्षी कंपनीने किती लवकर सर्व्हेअर पाठवले, ही माहिती शेजारच्या गावातून मिळते आणि ती पुष्कळदा सर्वांत बोलकी असते. केवळ हप्ता स्वस्त म्हणून कंपनी निवडणे म्हणजे ज्याच्या हाती सर्वांचा निधी द्यायचा त्या विश्वस्ताची नीती न पाहणे होय.

विश्वास येथे एकतर्फी नाही. विमा करार परम सद्भावावर उभा असतो. म्हणजे मातीच्या भिंती, जुना पाया, पूर्वी घरात आलेले पाणी यांपैकी काहीही विमेदाराने लपवायचे नसते, आणि अपवादांचे कलम कंपनीनेही झाकून ठेवायचे नसते. एजंटाने अर्ज स्वतःच भरून फक्त सही घेतली, तर त्या अर्जातील असत्याचे ओझे बहुधा विमेदाराच्याच माथी येते. पूर ओसरल्यावर भिंतीवरील पाण्याची रेघ पुसण्याआधी तिची छायाचित्रे काढणे, कंपनीला तत्काळ कळवणे, महसूल खात्याच्या पंचनाम्याची प्रत जपणे आणि सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत निकामी सामान न फेकणे, हे या सत्यधर्माचेच व्यावहारिक अंग आहे. दावा अन्यायाने नाकारला गेला तर आधी कंपनीकडे तक्रार करून, महिनाभरात समाधान न झाल्यास, पुण्याच्या विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते, आणि त्याचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.

जुलै 2021 मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळल्या, तेव्हा ज्यांचे छप्परच गेले त्यांच्यापैकी कित्येकांना 1,000 रुपयांचा हप्ताही सोपा नव्हता. अशांना दैवावर सोडून देणे वर सांगितलेल्या पाच कारणांच्या हिशोबात बसत नाही, कारण त्यांच्या हाती करणेच नाहीत आणि ती पुरवण्याची जबाबदारी समाजाची आहे. त्यातही कोयनेची वीज राज्याने वापरली असताना धरणालगतच्या भूकंपाची जोखीम एकट्या पाटणने वाहावी, याला न्याय म्हणता येत नाही. नागालँड राज्याने 2024 मध्ये आपल्या आपत्ती प्राधिकरणामार्फत, ठरावीक मर्यादेपलीकडे पाऊस झाल्यास पंचनाम्याची वाट न पाहता रक्कम देणारा विमा राज्याच्या नावाने घेतला. कराड-पाटणच्या निळ्या रेषेतील आणि दरडप्रवण वाड्यांतील घरांसाठी नगरपालिका, जिल्हा परिषद आणि येथील पतसंस्था व साखर कारखाने यांनी मिळून असा सामूहिक विमा घ्यावा आणि त्याच्या हप्त्यातील मोठा भाग राज्याने उचलावा, ही मागणी आज कागदोपत्रीही ठामपणे मांडली गेली पाहिजे.