सही तुझीच आहे

सरकारच्या नावाने बोटं मोडणं आता पुरे कर. सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल कोर्टात तुझा दावा अडकलाय, तो सरकारने अडवलेला नाही. ‘उभयपक्षी संमतीने स्थगिती’ असं त्या कागदावर लिहिलंय. खाली दोन सह्या आहेत. एक सरकारी वकिलाची. दुसरी कोणाची?

वकील न लावता स्वतः दावा लिहिणारा माणूस तू. नागरिकत्वाचा अर्ज, म्हणजे एन-४००, भरलास, इंटरव्ह्यू दिलास, इंग्रजी आणि सिव्हिक्सच्या परीक्षेत पास झालास. ‘निर्णय कळवू’ म्हणाले आणि फाइल गप्प झाली. इंटरव्ह्यूनंतर १२० दिवसांत निर्णय आला नाही तर थेट जिल्हा न्यायालयात जाता येतं, हे कलम १४४७(ब) तूच शोधून काढलंस. ४०५ डॉलर फी भरलीस, समन्स बजावलंस. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. तू चढलास, ते योग्यच केलंस. पण मग मधल्या पायरीवर फतकल मारून का बसलास?

“सरकारी वकील फोनवर फार चांगलं बोलले.” बोलणारच! उत्तर द्यायला त्यांना ६० दिवस असतात आणि ते संपत आले होते. गरज त्यांना होती, भीड मात्र तुला पडली. त्यांनी स्थगिती मागितली, ते त्यांचं कामच. बदल्यात तू काय मागितलंस? निर्णय कोणत्या तारखेपर्यंत? स्थगिती कधी संपणार? कोर्टाला अहवाल कधी द्यायचा? यातलं एक तरी लेखी आहे? ऑफिसात कंत्राटदाराच्या करारावर डिलिव्हरीची तारीख नसेल तर तू तो करार परत पाठवतोस. परक्याच्या पैशाला एवढा जपणारा माणूस स्वतःच्या नागरिकत्वाच्या कागदावर डोळे मिटून सही करतो?

स्थगिती घेणं हा गुन्हा नाही, हेही ऐकून ठेव. दुसऱ्या इंटरव्ह्यूची तारीख हातात असेल, त्यानंतर अमुक दिवसांत निर्णय देऊ असं कागदावर असेल, तर जरूर थांबावं. सगळ्यांचाच वेळ वाचतो. तू मात्र नुसताच थांबलास. त्यातून तू राहतोस फ्रीमाँटला, म्हणजे नवव्या सर्किटमध्ये. तिथल्या अपील न्यायालयाने २००४ साली होव्हसेपियन खटल्यात स्पष्ट सांगितलंय की या कलमाखाली दावा दाखल झाला की अर्जाचा अधिकार एकट्या कोर्टाकडे जातो. कोर्टाने स्वतः निर्णय द्यावा, नाहीतर सूचना देऊन अर्ज रिमांड करावा, म्हणजे इमिग्रेशन खात्याकडे परत पाठवावा. रिमांड होईपर्यंत अधिकाऱ्याला शिक्का मारता येत नाही. म्हणजे तू काय केलंस बघ. अधिकाऱ्याचे हात बांधलेले, आणि ज्या कोर्टाने ते सोडवायचे त्यालाच तू ‘थांबा’ म्हणालास. भिजत घोंगडं म्हणतात ते हेच. ते भिजत घातलं कोणी?

“फार ताणलं तर राग धरून अर्ज नाकारतील.” ही भीती तुला कोणी घातली? पार्किंग लॉटमधल्या गप्पांनी? त्याच निकालाचा अर्थ असा की दावा कोर्टात असताना तुझ्या पाठीमागे अर्ज नाकारताही येत नाही. रिमांडनंतर नाकारलाच, तर ३० दिवसांत फेरसुनावणी मागता येते. तिथेही नकार आला तर पुन्हा जिल्हा न्यायालय, आणि ते सगळं प्रकरण नव्याने तपासतं. हे तुला माहीत नाही असं म्हणू नकोस. दाव्याच्या मसुद्यात तूच लिहिलंयस.

“पार्श्वभूमीची तपासणी चालू असेल.” असेल! पण एफबीआयची तपासणी पूर्ण झाल्याचं उत्तर आल्याशिवाय पहिल्या इंटरव्ह्यूला बोलवायचंच नाही, असा खात्याचाच नियम आहे. त्यांच्या दिरंगाईला सबब शोधून द्यायची नोकरी तुला कोणी दिली?

आता खरं बोलू. तुला सरकारची भीती नाही वाटत, निकालाची वाटते. दावा थांबलेला असला की ‘प्रयत्न चालू आहेत’ असं सांगता येतं आणि काही करावंही लागत नाही. फोनवर आईला काय सांगतोस? “अगं, इथलं सरकार उशीर करतंय.” ग्रीन कार्डवर आईवडिलांसाठी अर्ज करता येत नाही, नागरिक झाल्यावर येतो, हे तिलाही कळतं. ती गप्प बसते, कारण तिला वाटतं तिचा मुलगा लढतोय.

आणि मुलगी? सतरा पूर्ण झालीत तिला. तुम्ही दोघं नवराबायको अजून ग्रीन कार्डवर, तीही ग्रीन कार्डवर, तुमच्याच घरात राहते. ती अठराची व्हायच्या आत तुझी शपथ झाली तर ती आपोआप नागरिक होते. वेगळा एन-४०० नको, परीक्षा नको. अठरा झाल्यावर शपथ झाली तर तिला सगळं पहिल्यापासून एकटीने करावं लागेल. स्थगितीने कोर्टाचं कॅलेंडर थांबलं. पोरीचं वय थांबलं का? सही करताना हे डोक्यात आलं नाही, असं म्हणायचंय तुला? मग गेल्या वर्षी मला हेच कलम कोण समजावून सांगत होतं?

वर म्हणतोस, केस थांबलीच आहे तर सातआठ महिने पुण्याला राहून येतो. अरे, अर्ज भरल्यापासून शपथेपर्यंत सलग वास्तव्य लागतं! सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलास तर ते खंडित झालं असं धरलं जातं, आणि नाही झालं हे तुलाच सिद्ध करावं लागतं. आजवर उशीर त्यांचा होता. यापुढे दोष तुझा होईल आणि तो त्यांच्या हातात तू स्वतः नेऊन देशील. तिकीट रद्द कर.

आणि आज रात्री सरकारी वकिलाला ईमेल लिही. चौदा दिवसांत रिमांडचा संयुक्त अर्ज हवा, त्यात निर्णयाची तारीख हवी आणि मुलीच्या अठराव्या वाढदिवसाआधी शपथ हवी. नाही म्हणाले तर पंधराव्या दिवशी स्थगिती उठवण्याचा अर्ज कोर्टात पडला पाहिजे. मसुदा कोण लिहील, असं मला विचारू नकोस. मुलीचा जन्मदाखला जोड आणि तिची जन्मतारीख पहिल्या परिच्छेदात घाल. न्यायाधीशांना ती शोधावी लागता कामा नये.