पुढच्या वर्षी नेऊ

परभणी जिल्ह्यातील श्रीक्षेत्र गंगाखेड हे गोदावरीच्या तीरावर वसलेले असून ‘दक्षिण काशी’ या नावाने ओळखले जाते. संत जनाबाईंचे हे जन्मगाव. येथे भाविक दर्शनासाठी येतात, तसेच अस्थिविसर्जनासाठी व दशक्रियेसाठीही येतात. घाटावर मुंडन करून बसलेल्या मुलाच्या तोंडून अशा वेळी विधीच्या मंत्रांखेरीज आणखी एक वाक्य निघते : ‘आईला एकदा पंढरपूरला न्यायचे राहून गेले.’

पश्चात्ताप या शब्दातच त्याची वेळ सांगितलेली आहे. पश्चात् म्हणजे नंतर, आणि ताप म्हणजे पोळणे. मनुष्याने चूक केली तर त्याला क्षमा मागता येते, झालेले नुकसान भरून देता येते. परंतु जे केलेच नाही, त्याची भरपाई घेणारे माणूसच उरलेले नसते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच व त्यांच्या सहकारी व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९५ साली याच विषयावर लेखन केले. केलेल्या कृत्याची खंत आरंभी तीव्र असते, मात्र आयुष्याकडे मागे वळून पाहताना न केलेल्या गोष्टीच अधिक सलतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. घाटावरच्या मुलाला हे कोणी शिकवावे लागत नाही.

मग तो मुलगा दुष्ट होता काय? मुळीच नाही, आणि खरी अडचण येथेच आहे. आषाढी येते ती पेरणीच्या दिवसांत. पाऊस झाला आणि तिफण थांबवली तर वर्ष हातचे जाते. कार्तिकीला कापूस वेचणीला आलेला असतो. माघीला रानात ज्वारी व हरभरा उभा असतो. चैत्रीला लगीनसराई असते. चारही वाऱ्यांच्या वेळी सांगितलेले कारण खरेच असते. लांबणीवर पडणाऱ्या गोष्टी बहुधा खोट्या सबबीने पडत नाहीत. दरवेळी एक खरे कारण मिळते, आणि तेवढ्यात आईचे गुडघे थकतात. ‘पुढच्या वर्षी’ ज्याच्यावर काम सोपविले जाते, तो मनुष्य आजच्याहून मोकळा व सशक्त असेल असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात तो एका वर्षाने वयस्क आणि तितकाच गुंतलेला असतो.

भाड्याचे म्हणाल तर राज्य परिवहन महामंडळाने ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षे पूर्ण केलेल्या ज्येष्ठांना राज्यात एस.टी.चा प्रवास विनामूल्य केला. तेव्हापासून ते एक कारण तरी कमी झाले.

येथे एक प्रश्न विचारण्यासारखा आहे. उद्या मनाला टोचणी लागू नये एवढ्यासाठीच मुलगा आईला घेऊन गेला, तर त्यात आईची सेवा किती आणि स्वतःची सोय किती? आईला दर्शन घडले हे खरेच. हेतू अर्धा असला म्हणून तिचे सुख अर्धे होत नाही. तथापि एक प्रसंग या हेतूची परीक्षा घेतो. थकलेली आई म्हणते, ‘आता नको रे, माझ्याने बसवत नाही गाडीत. तू इथेच बस जरा.’ जो केवळ स्वतःच्या टोचणीला भ्यालेला असतो, तो तिला तरीही गाडीत बसवितो. औषधोपचारातही असेच घडते. आपण काही बाकी ठेवले नाही, हे स्वतःला सांगता यावे म्हणून रुग्णाला या गावाहून त्या गावी हलविले जाते. ज्याचे लक्ष आईकडे असते, तो बेत सोडून तिच्याजवळ बसतो. त्याचे पंढरपूर राहून जाते, पण त्याची खंत वेगळ्या जातीची असते.

जनाबाईंचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. परंपरा सांगते की, लहानपणी वडिलांनी त्यांना पंढरपुरास नेऊन नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी ठेविले. तेथे त्या दासी म्हणून राबल्या. दळण, कांडण, झाडलोट, गोवऱ्या थापणे यांत त्यांचा दिवस जाई. सवडीची वेळ अशी त्यांच्या हाती नव्हतीच. दासीला सवड कोण देणार! काम संपल्यावर नाम घेऊ असे त्यांनी ठरविले असते, तर काम कधीच संपले नसते. त्यांनी जात्यावर बसूनच नाम घेतले. त्यांच्या नावावरील सुमारे साडेतीनशे अभंग असल्याच कष्टांच्या मधून आलेले आहेत.

शेगावहून पंढरपूरला निघालेली श्री गजानन महाराजांची पालखी आषाढीपूर्वी परभणी, दैठणा या मार्गाने गंगाखेडला येते. ज्यांना आता पंढरपूरपर्यंत जाणे झेपत नाही, अशा वृद्धांना त्या दिवशी घरची माणसे हात धरून रस्त्याच्या कडेला आणतात, घोंगडी अंथरून बसवितात, आणि पालखी पुढे जाईपर्यंत डोक्यावर छत्री धरून उभी राहतात. तिफण त्या दिवशी दुपारनंतर जुंपली जाते.